पिकवलं, पण घेणार कोण?

आनंदवनातली पहिली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी विकत घेतली नाही. भाजीत खोट नव्हती. खडकाळ माळ फोडून, विहीर खणून ती पिकवली होती आणि पिकवणाऱ्यांची पोटं भरून उरलीही होती. पण लावणारे, निंदणारे, तोडणारे हात महारोग्यांचे होते. गावाने तेवढंच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आनंदवनावरच्या लेखनात हा प्रसंग हमखास येतो, तो बहुतेक वेळा समाजाच्या निष्ठुरपणाचा दाखला म्हणून. मला त्यात आजचा एक अतिशय व्यावहारिक प्रश्न दिसतो. माणसं कामाला तयार होती, काम शिकून झालं होतं, माल टोपलीत होता. हल्ली सरकारी योजनांच्या कागदांवर ‘रोजगारक्षम’ हा शब्द सारखा भेटतो. त्या शब्दाच्या सगळ्या अटी त्या भाजीवाल्यांनी पुऱ्या केल्या होत्या. घोडं अडलं ते गिऱ्हाइकापाशी.

जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, समाजाने बाहेर ठेवलेल्या प्रौढ माणसांना कामाला उभं करण्याचे प्रयोग पाऊणशे वर्षं चालू आहेत. कुष्ठरोगी, अंध, अपंग, जंगलातले गोंड-माडिया, आणि आता बंदूक टाकून परतलेले तरुण-तरुणी. शिकवणं कुठेच फारसं कठीण गेलेलं दिसत नाही. कठीण गेलं ते शिकलेल्या हाताचा माल, सेवा किंवा शब्द समोरच्याला घ्यायला लावणं. या लेखात मी तेवढाच धागा धरला आहे.

*

आनंदवन उभं करणारे मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे हे हिंगणघाटच्या जमीनदार घरातले. जन्म २६ डिसेंबर १९१४. वरोऱ्यात वकिली करता करता नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि मैला वाहणाऱ्यांचं जिणं काय असतं ते कळावं म्हणून स्वतः डोक्यावर पाटी घेतली. पावसात गटाराकडेला पडलेल्या तुळशीराम या महारोग्याची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे, ती इथे पुन्हा नको. त्यानंतर बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन दिली. जमीन म्हणजे दगड, झुडपं, साप आणि विंचू. तिथे पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन बाबा राहायला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये विनोबांच्या हस्ते कामाला आरंभ झाला.

विदर्भात हे पहिलं पाऊल नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून हेच काम करत होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ पासून उभं होतं. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः करत. दत्तपूर आणि तपोवनातही औषधाबरोबर काम होतंच. बाबांना श्रेय द्यायच्या भरात आपण या दोघांना विसरतो, ते बरं नाही. आनंदवनाचं वेगळेपण काम देण्यात नाही. ज्या गावाने टाकलं त्याच गावाच्या गरजेची वस्तू होऊन परत जायचं, ही जिद्द आनंदवनाची.

आता त्या हातांविषयी थोडं. सगळी गोम तिथे आहे.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. चट्टे दिसतात कातडीवर, पण खरी हानी होते ती नसांची. कोपराजवळून जाणारी नस सुजून निकामी झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वळतं, तळव्याची जाणीव जाते. बोटं झडून पडतात हा समज अजूनही घरोघर आहे. बोटं रोगाने झडत नाहीत. तव्याचा चटका कळत नाही, फोड येतो, चिघळतो, पण दुखत नाही म्हणून माणूस त्याच हाताने कुदळ चालवत राहतो. जखम हाडापर्यंत जाते, आणि मग बोट आखूड होत जातं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हे उलगडून दाखवलं आणि वळलेली बोटं शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावली. पण बोट सरळ झालं म्हणजे जाणीव परत येते असं नाही.

म्हणजे शिकवणाऱ्यापुढचा पेच विलक्षण. एरवी सुतारकाम, विणकाम, गवंडीकाम ही बोटांनी शिकायची कामं. रंधा किती दाबायचा, सूत किती ताणायचं, हे हाताला कळलं की उस्ताद गप्प बसतो. इथे हाताला काही कळतच नाही, तेव्हा बोटांचं शिकणं डोळ्यांकडून करून घ्यावं लागतं. हत्याराची मूठ जाड करायची, तिच्यावर कापड किंवा रबर गुंडाळायचं. पकड मधूनमधून बदलायची. एकच काम फार वेळ करायचं नाही. चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय धरायचं नाही, मग ते गार असलं तरी. संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं आणि एकेक बोट उजेडात तपासायचं, कारण जखम झाल्याची खबर दुसरं कुणी देणार नाही. पायात मऊ, सच्छिद्र रबराच्या, खिळे न ठोकलेल्या चपला. कुष्ठरोग्यांच्या वसाहतींतून चपलांचं खातं असतं ते यासाठी. त्या चपला बनवणं हाही एक रोजगार, आणि त्या घातल्या तरच बाकीचे रोजगार.

याचं पाठ्यपुस्तक वरोऱ्यात नव्हतं. कुणी तरी आधी शिकून मग कामाला लागला, असा क्रमही नव्हता. विहीर हवी होती म्हणून खणणारे तयार झाले. झोपड्या पावसाने पडत होत्या म्हणून गवंडी तयार झाले. जुन्याने नव्याला शिकवलं, आणि जुना म्हणजे तरी कोण? दोन पावसाळ्यांपूर्वी आलेला. शिकवणारा स्वतः त्याच रोगातून गेलेला असल्यामुळे एक गोष्ट आपोआप साधली. ‘तुला जमणार नाही’ हे वाक्य तिथे कुणी उच्चारू शकत नव्हतं. आजच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवणारा धडधाकट, शिकणारा अपंग, आणि दोघांमध्ये टेबल असतं. त्या टेबलाने किती नुकसान होतं याचा हिशोब कुणी मांडत नाही.

पुढे आनंदवनात अंध आले, मूकबधिर आले, अपघातात पाय गेलेले आले. कामाच्या जोड्या लागू लागल्या. एकाच्या बोटांना जाणीव नाही पण नजर शाबूत, दुसऱ्याची नजर गेली पण बोटं तल्लख. हातमागावर धोटा पळवायला, पावडी दाबायला सगळी बोटं लागत नाहीत. गाठ मारायला मात्र लागतात, आणि ती मारायला शेजारी दुसरा बसलेला असतो. सतरंज्या, चादरी, टॉवेल, पत्र्याचे डबे, छापखाना, शुभेच्छापत्रं, तीनचाकी सायकली अशी खाती एकामागून एक उघडत गेली. शारीरिक अपंगांसाठी वेगळं प्रशिक्षण केंद्र निघालं, संधिनिकेतन. अंधांची शाळा १९६६ मध्ये निघाली.

*

पण त्या पहिल्या भाजीचं काय झालं?

१९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक श्रमदानाला आनंदवनात आले. निरनिराळ्या देशांतली तरुण पोरं. रोग्यांबरोबर त्यांनी भिंती बांधल्या, आणि रोग्यांनीच पिकवलेलं रोज जेवले. वरोऱ्याच्या लोकांनी ते पाहिलं. गोरी माणसं ही भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे पाहिल्यावर बाजार हळूहळू उघडला.

या गोष्टीचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांनी सांगून जे झालं नाही, विनोबा येऊन गेल्याने जे झालं नाही, ते परदेशी पाहुण्यांच्या ताटामुळे झालं. शेजाऱ्याच्या शब्दापेक्षा लांबच्या माणसाची साक्ष आपल्याकडे जड भरते. पण हेही खरं की बाजाराची भीती व्याख्यानाने जात नाही. कुणी तरी आधी खावं लागतं, आणि ते चारचौघांत खावं लागतं.

बाबांनी हा धडा नीट गिरवला. १९६४ मध्ये आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी कृषी महाविद्यालय. वरोरा परिसरातल्या मुलांना कॉलेजसाठी नागपूर किंवा चांद्याला जावं लागे. ज्या घरांनी भाजी नाकारली होती, त्यांच्याच पोरांना आता आनंदवनाच्या हद्दीत, कुष्ठरोग्यांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत बी.एस्सी. करायची होती. आईबापांनी पाठवलं. पोरांच्या पदवीपुढे विटाळ टिकला नाही. पुनर्वसनाची इतकी चतुर चाल मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही. गावाला काही मागायचं नाही, गावाला जे हवं आहे ते आपल्याकडे ठेवायचं.

१९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथला आणखी एक वसाहत सुरू झाली. झाडीपट्टीतला भाग, धानाचा. आनंदवनात तयार झालेली माणसं तिकडे गेली, त्यांनी जंगलालगतच्या जमिनीत बांध घातले, पाणी अडवलं, धान काढलं. बाबांच्या मनात तिथे श्रमिक विद्यापीठ होतं. ते विद्यापीठ काही झालं नाही. झाली ती मे महिन्यातली श्रमसंस्कार छावणी, जिथे शहरातली मुलं चंद्रपूरच्या उन्हात कुदळ-फावडं हातात घेतात. छावणीचं कौतुक पुष्कळ झालं आहे. माझं मत जरा वेगळं आहे. मध्यमवर्गीय तरुणांना घडवणारी छावणी टिकली आणि मजुराला पदवीच्या तोलाची प्रतिष्ठा देणारं विद्यापीठ राहून गेलं, यात आपल्या समाजाची आवडनिवड दिसते.

डिसेंबर १९७३ मध्ये बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला गेले. त्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाची सगळी कहाणी इथे सांगण्याचं कारण नाही. एक तपशील मात्र हवा. तिथली पहिली बांधकामं उभी करायला जी माणसं गेली, त्यांत आनंदवनातले बरे झालेले कुष्ठरुग्ण होते. ज्यांना स्वतःच्या गावात पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, ते दुसऱ्या टाकलेल्या लोकांसाठी दवाखाना बांधत होते. १९७६ मध्ये आश्रमशाळा निघाली आणि त्या शाळेतून पुढे शिक्षक, डॉक्टर झालेले माडिया तरुण आज त्याच जिल्ह्यात काम करतात.

*

एवढं झाल्यावर उणं सांगितलं पाहिजे, नाहीतर लेखाचा आरतीसंग्रह होतो.

आनंदवनाने माणसाला काम दिलं ते कुंपणाच्या आत. कुष्ठमुक्त विणकर आनंदवनात तरबेज झाला, पण नागपूरच्या किंवा इचलकरंजीच्या मागवाल्याने त्याला कामावर ठेवलं, असं क्वचित घडलं. बाहेरच्या मालकाने दार उघडलं नाही म्हणून आत एक आख्खं गाव वसवावं लागलं. पोस्ट, बँक, दवाखाना, शाळा, वृद्धांचं घर आणि आपली ग्रामपंचायतसुद्धा. गाव सुंदर झालं. पण ज्या समाजाने गाव वसवायला भाग पाडलं, त्याची त्यातून परस्पर सुटका झाली. ‘तुमच्यासाठी आनंदवन आहे ना’ असं म्हणायची सोय झाली.

दुसरं, गिऱ्हाईक. मुंबई-पुण्याच्या घरांत आनंदवनाची शुभेच्छापत्रं दिवाळीला येत, सतरंजी बैठकीत अंथरलेली असे. पु. ल. देशपांड्यांसारखा माणूस पाठीशी उभा राहिला आणि आनंदवन मध्यमवर्गाच्या आस्थेचा विषय झाला. पण आस्थेने घेणारा माणूस वर्षातून एकदा घेतो, आणि घेतल्यावर आपण काही दिलं असं मानतो. रोजच्या वापराला तो बाजारातली स्वस्त चादर आणतो. यंत्रमागाच्या चादरीपुढे हातमागाची चादर भावात टिकत नाही, हे आनंदवनाचं एकट्याचं दुखणं नाही. पण हातमागवाल्याला सहानुभूतीचं गिऱ्हाईक मिळालं की त्याच्या मालाची परीक्षाच होत नाही, आणि परीक्षा झाली नाही की माल सुधारत नाही. बाबांचे थोरले चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी काढलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. अंध, अपंग, कुष्ठमुक्त कलाकार रंगमंचावर उभे राहतात आणि सूर चुकला तर तो श्रोत्यांना ऐकू येतो. तिथे दयेने भागत नाही.

तिसरी गोष्ट चांगली आहे, पण तिने संस्थेचा पायाच बदलला. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, त्याही फुकट, आणि रोग बरा. लवकर सापडला तर विकृती येतच नाही आणि घरही सोडावं लागत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं. आनंदवनात नवे तरुण रोगी पूर्वीसारखे येईनात, होते ते म्हातारे होत गेले. कारखान्यातल्या हातांचं वय वाढलं. हे यश आहे, आणि असं यश पचवणं कुठल्याही संस्थेला जड जातं.

रोग मात्र गेलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात, आणि महाराष्ट्रात चंद्रपूर-गडचिरोली हे अजूनही जास्त रुग्णांचे जिल्हे आहेत. फरक इतकाच की आजचा रुग्ण वसाहतीत जात नाही. तो आपल्याच गावात, आपल्याच घरात राहतो, वाकडं बोट खिशात लपवतो आणि काम मागायला जातो.

*

गडचिरोलीत याच प्रश्नाची तीन निराळी रूपं पाहायला मिळतात.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९० च्या दशकात जिल्ह्यातल्या ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना निवडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. या आरोग्यदूत. बाळंतिणींनी त्यांना स्वीकारलं, कारण त्या पाहुण्या नव्हत्या. कुणाची वहिनी, कुणाची आत्या. शंका होती ती शिकल्यासवरल्यांना. खेड्यातली बाई, तिच्या हातात सुई? डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले तेव्हा कळलं की या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचं हे काम देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांकडे दिलं. इथे गिऱ्हाईक म्हणजे वैद्यकशास्त्र. त्याने बाईचं काम घेतलं, पण आकड्यांची चळत समोर ठेवल्यावरच. आणि घेतल्यावरही ‘आशां’ना कर्मचारी म्हणायला सरकार तयार नाही, त्या स्वयंसेविका, त्यांना मिळतं ते मानधन. म्हणजे माल उचलला, भाव दिला नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचं गोंडांचं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे महाराष्ट्रभर माहीत झालेलं. इथे प्रशिक्षण असं काही नव्हतं, अभ्यासगट होते. गावातले आणि बाहेरचे लोक एकत्र बसून जंगलाचा कायदा, हिशोब, दारू, बांबूची मोजणी यांवर बोलत आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेई. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडता येत होता, मोजता येत होता, विकत घेणाराही मिळाला असता. पण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या हातात, आणि परवान्याशिवाय बांबूचं एक बंडलही रस्त्यावर नेता येत नाही. दोन वर्षं हा घोळ चालला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू काढला, मजुरीचे दर ठरवले, हिशोब ठेवले.

या दोन जिल्ह्यांत बांबूवर जगणारे बुरड पिढ्यान्‌पिढ्या सूप, टोपल्या, ढोल्या विणतात. आता चिचपल्लीला सरकारचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. विणायचं कसं हे बुरडांना शिकवण्याची गरज नव्हती. बांबू वेळेवर आणि परवडेल अशा भावात मिळणं ही गरज होती, आणि प्लास्टिकच्या सुपापुढे आपलं सूप कुणी घ्यावं ही. कौशल्य कमी आहे असं गृहीत धरून प्रशिक्षण द्यायची आपल्याला इतकी सवय लागली आहे की कच्चा माल आणि बाजार हे प्रश्न मांडायलाच कुणी उरत नाही.

तिसरं रूप सगळ्यांत अवघड. २००५ पासून राज्यात नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना आहे. कोवळ्या वयात दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेलेली मुलं-मुली दहा-पंधरा वर्षांनी परततात तेव्हा त्यांच्याजवळ शाळेचा दाखला नसतो, आधार कार्ड नसतं, गावाकडे जायची सोय नसते. जंगलात असताना कित्येक पुरुषांची नसबंदी झालेली असते. परतल्यावर मूल हवं म्हणून ती शस्त्रक्रिया उलटवून घेणारेही आहेत. गडचिरोलीत त्यांच्यासाठी नवजीवन वसाहत आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेकडून शिकून त्यांच्यातल्या काहींनी ‘क्लीन १०१’ नावाचं फिनाईल बनवायला घेतलं. कोनसरीच्या पोलाद कारखान्यात काहींना प्रशिक्षण देऊन कामावर घेतलं गेलं. पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ या योजनेतून गावागावातल्या तरुणांना परिचारिका, सुरक्षारक्षक, हॉटेल अशी प्रशिक्षणं मिळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. पुनर्वसनाची ही रांग आता लांबणार.

फिनाईल बनवणं अवघड नाही. पण बाटलीमागची माणसं कोण हे कळल्यावर ती गडचिरोलीच्या दुकानदाराने फळीवर मांडावी का? कारखान्यात शेजारच्या यंत्रावर उभा असलेला कामगार, ज्याचा भाऊ चकमकीत किंवा खबऱ्या ठरवून मारला गेला, त्याने याच्याबरोबर डबा खावा का? कुष्ठरोग्याने कुणाचं काही केलेलं नव्हतं. इथे बहिष्काराला कारण आहे, जखमा खऱ्या आहेत. म्हणून आनंदवनाचा नमुना जसाच्या तसा इथे लावता येत नाही. वसाहत वेगळी ठेवली तर सुरक्षितता मिळते, पण वेगळेपण कायमचं होतं. वरोऱ्याने कुंपणाची किंमत मोजली आहे, गडचिरोलीने ती पाहून ठेवायला हवी. सरकारने या लोकांचा माल आपल्या कार्यालयांसाठी, दवाखान्यांसाठी ठरवून घ्यावा. सुरुवातीला तेवढा एकच भरवशाचा ग्राहक असणार. पण पाच वर्षांनीही तोच एकटा ग्राहक राहिला, तर तो रोजगार झाला नाही, ते वेगळ्या नावाचं अनुदान झालं.

*

कायद्याचं बघा. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा ब्रिटिश कायदा, ज्याने रोग्याला कोंडून ठेवण्याची मुभा दिली होती, तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये वगळलं गेलं. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग्याला निवडणूक लढवायला बंदी होती आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही ठेवली. औषध मिळून पंचवीस वर्षं झाल्यावरची ही गोष्ट. ज्याला कायदाच अस्पृश्य मानतो, त्याला शिवणयंत्र शिकवून कुठला मालक मिळणार होता?

आता एक कायदा दुसऱ्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी आस्थापनांत चार टक्के पदं दिव्यांगांसाठी राखीव, आणि त्यातला एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. जिल्हा परिषदा, महामंडळं, सरकारी बँका, अनुदानित महाविद्यालयं या सगळ्यांत बिंदुनामावली, म्हणजे राखीव पदांची नोंदवही, असते. ती दरवर्षी तपासली जाते आणि दिव्यांगांचा रकाना वर्षानुवर्षं ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ या शेऱ्याने पुढे ढकलला जातो.

दिवाळी अंकाच्या वाचकांत अधिकारी आहेत, प्राचार्य आहेत, लघुउद्योजक आहेत, सोसायट्यांचे चिटणीस आहेत. त्यांच्यापाशी एवढंच मागणं आहे. सुट्टीनंतर कार्यालय उघडलं की आपल्या आस्थापनेची बिंदुनामावली मागवून घ्या आणि तो रकाना किती वर्षं रिकामा आहे ते पाहा. खासगी कारखाना असेल तर पुढच्या भरतीत एक माणूस असा घ्या, ज्याच्या बोटांकडे पाहून तुमच्या फोरमनने आधी नकार दिला होता. पगार बाकीच्यांइतकाच द्या, कामही बाकीच्यांइतकंच मागा.

प्रशिक्षण त्याला मिळालेलं आहे.